माळ आणि माळवं

पाला शेळीनं खायचा आणि शेळी माणसानं खायची, म्हणजे पाला आपसूकच माणसाच्या पोटात जातो, असं रामकिसनचं शास्त्र होतं. बावन्न वर्षं ह्या शास्त्रानं त्याला दगा दिला नव्हता. सत्यभामेनं ताटात मेथी वाढली की तो ती बोटानं कडेला सारायचा आणि जेवण झाल्यावर गोठ्यात नेऊन शेळीपुढं टाकायचा. "घे, माझ्या वाटणीचं तूच खा. पुढं भेटूच आपण," असं तिला म्हणायचा आणि आपल्याच विनोदावर खुदकन हसायचा. शेळी हसत नसे. सत्यभामाही हसत नसे, पण तिच्याकडं त्याचं लक्ष नसायचं.

रामकिसन काही साधासुधा खाणारा नव्हता. कडा ह्या बाजाराच्या गावाहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर त्याचं गाव, आणि गावच्या माळावर पिराचं ठाणं. ऊसतोडीला गेलेली माणसं चैत्रात परत आली की तिथं कंदुरी व्हायची. बोकड पडायचे, कंबरेएवढ्या हंड्यात रस्सा शिजायचा आणि अख्खा गाव जेवायचा. त्या हंड्याचं वगराळं, म्हणजे रस्सा ढवळायची आणि वाढायची ती लांब दांड्याची पितळी पळी, तीन पिढ्या रामकिसनच्या घरात होतं. आजा, मग बाप, मग तो. ज्याच्या हातात वगराळं त्यानं पहिली चव बघायची, मान डोलवायची, आणि मगच पंगत बसायची.

ह्याखेरीज गावात त्याला काडीची किंमत नव्हती. शेत दीड एकर, त्यातलं एक एकर खडक. शिक्षण सातवी. ग्रामपंचायतीला एकदा उभा राहिला, तर घरातली मतंसुद्धा सगळी पडली नाहीत. एक कमी भरलं, आणि ते कुणाचं हे शोधायची त्याची हिंमत झाली नाही. पण वर्षातल्या त्या एका दुपारी भलेभले त्याच्या मानेकडं डोळे लावून उभे असायचे. ती मान डोलली की रामकिसनला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, आणि ते वाटणं त्याला पुढल्या चैत्रापर्यंत पुरायचं.

तर अशा माणसाला दिवाळीनंतर बसता येईना.

दोन आठवडे त्यानं उभ्यानं काढले. जेवायला उकिडवा, पारावर एका मांडीवर, घरी उशीवर. शेवटी कड्याला दवाखान्यात गेला, तर तिथं नेहमीचे म्हातारे डॉक्टर नव्हते. त्यांच्या खुर्चीत त्यांची सून, डॉक्टर मंजुषा बसली होती. वयानं त्याच्या लेकीएवढी. रामकिसनला तिथूनच परत फिरावंसं वाटलं, पण तोवर तिनं "या मामा" म्हटलं होतं.

"काय होतंय?"

"बसायला तरास होतोय."

"गुडघे दुखतात?"

"त्याच्या वर."

"कंबर?"

"त्याच्या खाली."

डॉक्टरीणबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "रक्त पडतं का?"

रामकिसननं भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत मान हलवली. तपासणीचं पाच मिनिटांचं प्रकरण त्यानं डोळे गच्च मिटून पार पाडलं. मग बाई हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "मूळव्याध आहे. सुरुवात आहे, घाबरू नका. रोजच्या जेवणात हिरवं वाढवा..."

त्यांचा आवाज खणखणीत होता, दाराला नुसता पडदा होता आणि पडद्याबाहेर बाकड्यावर त्याच्याच गावची दोन माणसं खोकत बसली होती. "वाढवतो, वाढवतो," म्हणत रामकिसन चपला हातात घेऊन पसार झाला. मागून बाई आणखी काहीतरी सांगत होत्या, पण ऐकायला तो जागेवर होता कुठं?

हिरवं म्हणजे काय, हे त्यानं वाटेतच ठरवून टाकलं. आजवर त्यानं मनापासून खाल्लेली हिरवी वस्तू एकच होती. घरी आल्या आल्या त्यानं सत्यभामेला हिरव्या मिरचीचा ठेचा दुप्पट करायला सांगितला. औषध इतकं चवदार असतं हे त्याला माहीत नव्हतं. सकाळी भाकरी-ठेचा, संध्याकाळी ठेचा-भाकरी. पाच दिवस त्यानं नेमानं औषध घेतलं. सहाव्या दिवशी पहाटे रानात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. तो परत येत होता तेव्हा ओळखीच्या कुत्र्यानंही बाजूला होऊन वाट दिली, एवढंच.

"मिरची सोडून, असं म्हणत होते मी," डॉक्टर मंजुषा म्हणाल्या. त्यांनी ओठ घट्ट आवळून धरले होते. हसू दाबायचा एवढा प्रामाणिक प्रयत्न रामकिसननं पूर्वी पाहिला नव्हता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ भरलं. "माणसाला तेरा तरी पाहिजे, मामा. म्हणून दम लागतोय तुम्हाला. पालेभाजी कधी खाता का नाही?"

रामकिसननं आपलं शेळीचं शास्त्र सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "किती शेळ्या आहेत?"

"सा हायेत."

"शेळीला मूळव्याध झालेली बघितलीत कधी?"

रामकिसननं खरोखर विचार केला. जन्म शेळ्यांत गेला होता. फऱ्या, लाळ, खरूज, पोटफुगी, सगळं बघितलं होतं. "न्हाई," तो म्हणाला.

"पाल्यात चोथा असतो. तो पोटात पाणी धरून ठेवतो आणि पुढचं काम सोपं करतो. मटणात चोथा औषधालाही नसतो. आणि शेळीनं खाल्लेला चोथा शेळीच लेंड्यांतून टाकून देते, मामा. तुमच्यासाठी शिल्लक ठेवत नाही."

बावन्न वर्षांचं शास्त्र असं एका लेंडीवर घसरून पडलं.

मग बाईंनी एकेक करून सांगितलं. रोज दोन्ही वेळा पालेभाजी, भरपूर. वरून लिंबू पिळायचं, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं. काकडी सालासकट, पेरू सालासकट. तांब्यावर तांब्या पाणी. गोळ्या दिल्यात त्या घ्यायच्याच. आणि मटण-मिरची चार महिने बंद, चवीपुरतीसुद्धा नाही. चार महिने म्हणजे कधीपर्यंत, हे रामकिसननं बोटांवर मोजलं. कंदुरी शेवटच्या बोटावर आली.

घरी तो एवढंच म्हणाला, "डॉक्टरनं माळवं खायला सांगितलंय." इकडं भाजीपाल्याला माळवं म्हणतात.

"कावून?" सत्यभामेनं विचारलं.

"असंच."

सत्यभामेनं उशीवर तिरक्या बसलेल्या आपल्या नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. मोरीच्या सांडपाण्यावर तिनं केलेले चार वाफे परसात कितीतरी वर्षं होते. रामकिसनला ते दिसत होते, पण हिरवं काहीतरी आहे ह्यापलीकडं त्यानं कधी चौकशी केली नव्हती. आता ओळखपाळख सुरू झाली. मेथी, शेपू, चाकवत, घोळ. रानातून हरभऱ्याचा कोवळा पाला, करडईची भाजी. सुरुवातीला तो ताटापुढं असा बसायचा की जणू कुणी त्याला कर्जाच्या कागदावर अंगठा मागतंय. शेपूचा ढेकर दुसऱ्या दिवशीपर्यंत सोबत करतो, अशी त्यानं तक्रार केली. घोळ आंबट लागते म्हणाला. चाकवत कशाचाच लागत नाही म्हणाला. सत्यभामा म्हणायची, "गिळा."

दुपारी तो शेळ्यांमागं रानात जायचा तेव्हा खिशात दोन काकड्या आणि एक पेरू असायचा. झाडाखाली बसून तो कराकरा चावायचा आणि समोर सहा शेळ्या कराकरा चावायच्या. मध्येच त्या थांबून त्याच्याकडं बघायच्या. हा आपल्या पंगतीला कधीपासून बसायला लागला, हे त्यांना पसंत पडलेलं दिसत नव्हतं.

आणि तीन आठवड्यांनी एका सकाळी रामकिसन रानातून परत आला तो शीळ घालत. काहीच दुखलं नव्हतं. तो ओट्यावर मांडी घालून बसला, उठला, पुन्हा बसला. महिन्याभरात चढावर लागणारा दम कमी झाला. रक्त अकराच्या वर गेलं. आयुष्यात इतकं मोठं सुख झालं आणि ते बोलून दाखवायला माणूस नाही, अशी त्याची अवस्था झाली. पोरगं झालं तर पेढे वाटतात; ह्याचं काय वाटणार?

गोष्ट एवढ्यावर संपती तर बरं झालं असतं. पण माघात जानकीबाईच्या नातवाचं जावळ निघालं.

जानकीबाई म्हणजे वरच्या आळीतली म्हातारी. कानानं कमी आणि आवाजानं जास्त. जावळाचा बोकड शिजवायला अर्थात रामकिसनच. पन्नास माणसांचा रस्सा त्यानं हाताच्या सवयीनं उतरवला आणि पंगत वाढून झाल्यावर गुपचूप सटकायला निघाला, तर म्हातारीनं भरलेलं ताट घेऊन त्याची वाट अडवली.

"जेव की रं."

"नको, काकू."

"कावून? रामकिसन मटन नको म्हनतो? आरं, आजारी हायस का काय?"

पंगतीतल्या माना वळल्या. रामकिसन घाईघाईनं तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "सध्या माळवं खातोय."

म्हातारीला अर्धंच ऐकू आलं.

"माळ?" ती ओरडली. "माळ घातलीस? अगं बया बया! आवो, ऐका, रामकिसननं माळ घातली!"

तुळशीची माळ गळ्यात आली की मटण सुटतं, हे तिथं पोरासोरालाही ठाऊक. मग तात्याबा तोंडातलं हाड तसंच धरून उठला, उष्टा हात पाठीमागं लपवून डाव्या हातानं रामकिसनच्या पायाला लागला. हा तात्याबा म्हणजे गावातला दुसरा आचारी. बाजारातल्या पुडीचा मसाला घालणारा. आजवर त्यानं रामकिसनला "बे" सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

खरं सांगायला रामकिसनकडं एका श्वासाएवढा वेळ होता. पण माळ नव्हे, माळवं, असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: माळवं कावून? आणि त्याचं उत्तर पन्नास माणसांत, पंगतीच्या मधोमध, जानकीबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं द्यावं लागणार. रामकिसन नुसता हसला. आपल्याकडं गप्प राहून हसणं म्हणजे होय म्हणणंच असतं. गळ्यात माळ दिसत नव्हती, पण थंडीचे दिवस होते आणि गळ्याला मफलर होता.

त्या दिवसापासून तो मफलर निघाला नाही. खोटी माळ घालायची छाती त्याला झाली नाही. देवाशी थट्टा करण्याइतका तो धीट नव्हता, फक्त माणसांशी खोटं बोलण्याइतका होता. शिमगा गेला, उन्हं तापली, डांबर मऊ झालं, तरी रामकिसनच्या गळ्यात लोकरीचा मफलर. घसा धरलाय, असं तो सांगायचा. दोन महिने धरलेला घसा गावानंही भक्तीच्या खात्यात टाकला.

लोक त्याला "महाराज" म्हणू लागले. रस्त्यात "रामकृष्ण हरी" म्हणायचे, तोही "हरी, हरी" म्हणत निसटायचा. मान असा की काय सांगावं. फक्त कुणी रस्सा करायला बोलवेना. "आता तुमच्या हातानं ते पाप कसं करवून घ्यायचं, महाराज," म्हणायचे आणि तात्याबाच्या घराकडं वळायचे. त्याच्या बेचव पुडीचा वास गावभर सुटायचा आणि रामकिसन घरात बसून काकडी चावायचा. बातमी मोबाइलवरून सांगलीकडच्या उसाच्या फडांत पोचली. तिथून माणसांचे फोन आले, अभिनंदनाचे.

चैत्रात फड उठले, गाव भरला. आणि एका दुपारी कंदुरीचं सगळं बघणारे मोहनराव दारात आले. ओट्यावर टेकत म्हणाले, "रामकिसन, लई चांगलं केलंस. उद्या दिवस कलला की मारुतीपुढं बैठक हाय. तुला शाल-नारळ द्यायचं ठरलंय. येताना वगराळं घेऊन ये. यंदापासून तात्याबा बघंल."

रामकिसननं मफलरची गाठ उगाच नीट केली. "आनतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सत्यभामेनं भिंतीवरचं वगराळं उतरवलं आणि राखेनं घासायला बसली. आज्याच्या मुठीनं दांड्याला एका जागी खळगा पडला होता, त्यात बापाची मूठ बसायची, रामकिसनचीही बसायची. तो खळगा ती अंगठ्यानं घासत राहिली.

"देऊन टाकता?" तिनं विचारलं.

"मग काय करू?"

"खरं सांगा."

"लोकं हसतील, सत्यभामे."

"हसू द्या की. हसल्यानं काय पडतंय? पडायचं ते पडून गेलं तुमचं."

रामकिसननं चमकून तिच्याकडं बघितलं. ती खाली मान घालून वगराळं घासत होती, पण खांदे हलत होते. एवढे महिने आपण बायकोपासून मोठं गुपित राखलंय, असं त्याला वाटत होतं.

बैठकीला अख्खा गाव. मोहनराव आजा-बापाचं नाव घेऊन बोलले, वाल्या कोळ्याचाही दाखला दिला. वाल्या म्हणजे आपण, हे रामकिसनला जरा उशिरा कळलं. मग त्यांनी शाल उलगडली. तात्याबा पुढं झाला आणि त्यानं वगराळ्याला हात घातला. रामकिसननं सोडलं नाही. एका टोकाला तात्याबा, दुसऱ्या टोकाला तो. त्याची मूठ त्या खळग्यात अशी बसली होती की निघेना.

"थांब बे," रामकिसन म्हणाला. महाराजांच्या तोंडून "बे" ऐकून गाव दचकला. त्यानं मोकळ्या हातानं मफलर ओढून काढला. दोन महिन्यांच्या घामोळ्यांनी लालभडक झालेला, रिकामा गळा सगळ्यांना दिसला.

"माळ न्हाई," तो म्हणाला. "कवाच नव्हती. मी काकूला माळवं म्हनलतो, तिनं माळ ऐकलं. मला मूळव्याध झालती. डॉक्टरनं मटन बंद करून पालेभाजी खायला लावली. हे असं हाय सगळं."

मग जानकीबाईनं शेजारणीला "काय झालती म्हनला?" असं विचारलं, शेजारणीनं तिच्या कानात मोठ्यानं ते सांगितलं, आणि गाव फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. मोहनरावांच्या हातातली शाल धुळीत गेली. तात्याबा तर जमिनीवरच बसला. "लेका, दोन म्हैने पाया पडलो बे तुझ्या! मूळव्याधीच्या पाया पडलो!"

लाजेनं मरून जावं असं रामकिसनला वाटलं. पण मेला नाही. उलट त्याच्या लक्षात आलं की गळ्याला वारा लागतोय आणि लई बरं वाटतंय. तो पाराच्या कडेवर चढला आणि सगळ्यांदेखत मांडी घालून बसला. "बघा," तो म्हणाला. "उशी न्हाई काय न्हाई. चार म्हैन्यामागं हे जमत नव्हतं." त्यावर हसण्याची आणखी एक लाट आली, आणि ह्या वेळी तोही त्यात सामील झाला.

हसून हसून डोळे पुसत मोहनराव म्हणाले, "ते झालं. पन तुला अजून रस्सा तोंडाला लावता येत न्हाई ना? मग चव कोन बघनार? उद्या सांगतो काय ते." आणि बैठक उठली. वगराळं रामकिसनच्याच हातात राहिलं, पण ते त्याचं राहिलं की नाही हे कुणी सांगेना.

सकाळी तो शेळ्या सोडत होता तर कुडाजवळ कुणीतरी खाकरलं. तात्याबा होता.

"काय बे?"

"काय न्हाई." तात्याबानं इकडंतिकडं बघितलं. "आमच्या मेव्हन्याला हाय ते. तुला झालतं तसलं. कोनती भाजी म्हनला होतास?"

रामकिसननं सांगितलं. लिंबू सांगितलं, पाणी सांगितलं, मिरचीबद्दल दोनदा सांगितलं, आणि आधी दवाखान्यात जायला सांगितलं. तात्याबा शेपूची जुडी धोतराच्या सोग्याखाली दडवून गेला. जरा फेंगडाच चालत गेला. पाठोपाठ दुसरा आला, त्याच्याही मेव्हण्याला होतं. मग तिसरा. न्याहारीपर्यंत नऊ जण येऊन गेले आणि नवांच्या नऊ मेव्हण्यांना एकच दुखणं. तालुक्यातल्या मेव्हण्यांवर अशी साथ पूर्वी कधी आली नव्हती.

रामकिसनला आधी हसू आलं, मग येईनासं झालं. एक तात्याबा सोडला तर ही सगळी फडावरून आलेली माणसं होती. सहा महिने पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, चटणी-भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची, पाणीही बेतानंच, कारण पाणी लांब. हिरवं म्हणजे समोर उभा ऊस, आणि तो कारखान्याचा. आपण तर घरी बसून हट्टानं आजारी पडलो, असं त्याला वाटलं आणि स्वतःची थोडी शरम वाटली.

परसात बायका आल्या होत्या. त्यांनी मेव्हण्याचं नाव घेतलं नाही, कुणाचंच घेतलं नाही. नुसता पदर पुढं केला. सत्यभामेनंही काही विचारलं नाही. वाफे दुपारपर्यंत खुडून बोडके झाले.

दिवस कलता मोहनराव आले. ह्या माणसाला मेव्हणा नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलले. मग उठता उठता म्हणाले, "तांदुळजा असंल का जुडीभर?" सत्यभामेनं घरासाठी ठेवलेली जुडी आणून दिली. मोहनराव दोन पावलं जाऊन थांबले. "वगराळं घेऊन ये कंदुरीला. मी सांगतो तात्याबाला. चवीचं तेवढं बघ कुनाकडून तरी."

कंदुरीच्या दिवशी माळावर धूर, ऊन आणि माणसं. हंड्यावर तर्रीचा लाल तवंग आला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा रामकिसनच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्याला स्वतःचाच राग आला. त्यानं वगराळं बुडवलं, वर काढलं, तोंडाशी नेलं. डॉक्टरीणबाई आठवल्या, त्याहून जास्त तो सहावा दिवस आठवला. त्यानं वगराळं खाली घेतलं.

तात्याबा हात पुढं करून टपलेलाच होता. "आन इकडं, मी बघतो."

रामकिसननं पिराच्या पाया पडून कडुलिंबाखाली टेकलेल्या बायकांकडं बघून हाक मारली, "सत्यभामे, इकडं ये."

हंड्याजवळ बाई कधी आली नव्हती. पुरुषांनी रांधायचं, पुरुषांनी वाढायचं. घरोघरच्या बायकांना मागाहून डब्यातून रस्सा जायचा, बऱ्याचदा गार. सत्यभामा जागची हलेना. कुणीतरी कुरकुरलं. "येऊ द्या बाईला," मोहनराव म्हणाले, आणि घाम पुसायच्या निमित्तानं दुसरीकडं बघू लागले.

ती आली. रामकिसननं तिच्या तळहातावर रस्सा ओतला. तिनं फुंकर घातली, जिभेला लावला, डोळे मिटले. अख्खा गाव तिच्या मानेकडं बघत उभा राहिला. मान डोलली नाही.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"आं?" रामकिसननं हळूच विचारलं. "यंदा अंदाज चुकला का काय?"

"यंदा न्हाई. दर साली कमीच असतंय." तिनं पदराला हात पुसला. "मामंजी होते तवर बरोबर असायचं."

तीस वर्षं. तीस वर्षं तो मान डोलवत आला होता, आणि ती घरी गार डब्यात चिमूटभर मीठ टाकून जेवत आली होती. तात्याबाला ऐकू गेलं होतं आणि तो पुन्हा जमिनीवर बसायच्या बेतात होता. रामकिसननं मिठाचं भांडं तिच्यापुढं धरलं. तिनं ओंजळभर टाकलं, जरा थांबली, आणखी चिमूट टाकली. त्यानं ढवळलं. ह्या खेपेला मान डोलली आणि पंगत बसली. त्या दिवशी माणसं दोनदा नाही, तीनदा रस्सा मागून घेत होती, आणि यंदा काय घातलं असं विचारत होती. रामकिसन प्रत्येकाला खरं ते सांगत होता.

सगळी जेवल्यावर तो हंड्याच्या सावलीत टेकला. सत्यभामेनं फडकं सोडून भाकरी, तांदुळजाची भाजी, लिंबाची फोड आणि काकडी पुढं ठेवली, आणि पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसून रस्सा भुरकायला लागली, गरम. चार महिने ही भाजी तो औषध म्हणून गिळत आला होता. आज त्यानं घास सावकाश चावला.

भाजीत मीठ अगदी बरोबर होतं. ते तर तीस वर्षं बरोबरच असणार. तोच आपला ते शेळीला नेऊन घालत होता.